कातड्याच्या मशीनचं दुखणं आधी सुईत शोधा

कापडावरची टीप चुकली तर उसवायची आणि पुन्हा घालायची. कातड्याला ही सोय नाही. सुईनं पाडलेलं भोक कायमचं राहतं, म्हणून कातडं शिवणाऱ्याचा निम्मा वेळ मशीन सुरू करण्याआधीच जायला हवा. मशीन बिघडलं तर अधिकच धीर धरावा लागतो. टाके सुटायला लागले, म्हणजे सुई शिरते पण टाका पडत नाही असं झालं, की बरेच जण पेचकस घेऊन थेट हुकचं (सुईच्या दोऱ्याचा फास धरणाऱ्या खालच्या आकड्याचं) टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक यांच्या भेटीची वेळ, हलवतात आणि एका सुईच्या दोषापायी चांगलं जुळलेलं मशीन विस्कटून ठेवतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी ती गत. मीही हे केलं आहे, ते पुढे येईलच.

मशीन कोणतं हवं

घरगुती मशीनमध्ये फक्त खालचे दाते काम सरकवतात, वरचा पाय नुसता दाबून धरतो. कापड त्या पायाखालून घसरतं, कातडं चिकटून बसतं. खालचा पदर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि शिवणीच्या शेवटी टोकं जुळत नाहीत. मऊ कातड्याचे दोन पदर मिळून दीड-दोन मिलिमीटर होत असतील तर टेफ्लॉनचा किंवा रोलरचा पाय लावून घरगुती मशीनवर काम निघतं. त्यापुढे जाऊ नये. मशीन शिवतं खरं, पण सुईचा दांडा आणि दात्यांचे सांधे हळूहळू ढिले होतात आणि ते लक्षात यायला वर्ष जातं.

कातड्यासाठी हवं ते 'वॉकिंग फूट' किंवा 'कंपाउंड फीड' मशीन. त्यात सुई कातड्यात असतानाच दाते, सुई आणि आतला पाय असे तिघे मिळून काम पुढे नेतात, त्यामुळे पदर एकमेकांवरून सरकत नाहीत. जुकी डीएनयू-1541, कॉन्स्यू 206आरबी, जुनं सिंगर 111डब्ल्यू155 ही सगळी याच जातीची. सपाट बैठकीचं मशीन पाकिटं, पट्टे, बॅगेच्या सपाट बाजू यांना पुरतं. बॅगेची गोल कड शिवायची तर नळीसारख्या हाताचं आणि बुटाचा वरचा भाग शिवायचा तर खांबावरचं मशीन लागतं. सिंगर 29के सारख्या दुरुस्तीच्या मशीनचा पाय चारी दिशांना फिरतो. जुन्या बुटात हात घालून टीप मारायला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण नव्या वस्तूवर सरळ, देखणी टीप त्याच्याकडून मागू नका.

जुनं मशीन घेत असाल तर मोटर बघा. क्लच मोटर सतत पूर्ण वेगानं फिरत असते आणि वेग सगळा पायाच्या अंदाजावर. नवख्यानं पॅडल जरा जास्त दाबलं की मशीन कोपरा ओलांडून पुढे गेलेलं असतं. सर्वो मोटरला वेगाची मर्यादा बांधून ठेवता येते आणि एकेक टाका घालत जाता येतं. पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर मी तो भारी मशीनपेक्षा सर्वो मोटरवर घालीन. मोटरचं चाक लहान लावलं की वेग आणखी उतरतो आणि सुईमागचा जोरही वाढतो.

सुई

पाकिटावर दोन गोष्टी असतात आणि लोक एकच वाचतात. पहिली म्हणजे सुईची जात: 135×16, 135×17, डीबी×1, 794 वगैरे. सुईची लांबी आणि दांड्याची जाडी तिच्यावर ठरते आणि ती मशीनप्रमाणेच घ्यावी लागते. दुसऱ्या जातीची सुई कधीकधी भोकात बसते, शिवतेही, पण तिचं नेढं हुकला भलत्या उंचीवर भेटतं. दुसरी गोष्ट जाडी, म्हणजे 110/18 किंवा 140/22. त्यातला पहिला आकडा सरळ आहे, मिलिमीटरचा शंभरावा भाग. 140 म्हणजे 1.40 मिलिमीटर जाडीची सुई.

वॉकिंग फूट मशीनवर बहुधा 135×16 आणि 135×17 या दोन जातींच्या सुया चालतात. लांबी आणि दांडा सारखाच, फरक टोकाचा. 17 ची सुई कापडाची, गोल टोकाची, तंतू बाजूला सारून जाते. 16 ची कातड्याची. तिचं टोक पात्यासारखं कापत जातं. कॅनव्हासला कातड्याची सुई लावली तर तंतू कापले जातात, म्हणून दोन्ही एकत्र शिवताना मी गोल टोकाची सुई घेतो आणि वेग कमी ठेवतो.

कातड्याच्या सुईतही टोकं वेगवेगळी आहेत. टोकाचा काप शिवणीच्या रेषेत पडत असेल तर टाके सरळ रांगेत बसतात, दिसायला छान. पण टाके जवळजवळ घेतले की काप एकमेकांना भेटतात आणि कातडं टपाल तिकिटाच्या कडेसारखं फाटतं. काप रेषेला आडवा पडत असेल तर दोन भोकांमध्ये जास्त कातडं शिल्लक राहतं, तिथे बारीक टाके चालतात. तिरक्या कापाचं टोक, पाकिटावर 'एलआर' लिहिलेलं, टाक्याला किंचित तिरकेपणा देतं आणि बॅगा-पाकिटांच्या बहुतेक कामाला पुरतं. एकच पाकीट घ्यायचं असेल तर ते घ्या.

सुई बसवताना ती मशीनच्या दांड्यात वरपर्यंत, ठक्क लागेपर्यंत गेली पाहिजे. तिच्या एका बाजूला लांब खोबण असते, ती दोरा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला. दुसऱ्या बाजूला नेढ्याच्या वर छोटा खळगा असतो, तो हुकच्या बाजूला. डोळ्यांवर भरवसा नको, नख फिरवून बघा. सुई कधी बदलायची याला तासांचा हिशोब पुरत नाही. कातड्यात शिरताना 'टप टप' आवाज यायला लागला, की टोक गेलं. टोक नखावरून हलकेच ओढा, ओरखडा उठला तर सुई टाकून द्या. सुई ही मशीनमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि माणसं नेमकी तिथेच काटकसर करतात.

दोरा

सुती दोरा कातड्यात घालू नये. वनस्पतींच्या सालीनं कमावलेल्या कातड्यातली आम्लं तो कुजवतात. बाँडेड नायलॉन किंवा बाँडेड पॉलिएस्टर घ्यावा. 'बाँडेड' म्हणजे पदर एकमेकांना लेपानं चिकटवलेले, त्यामुळे सुईच्या घर्षणात दोरा पिंजत नाही. नायलॉन थोडा ताणतो आणि घासायला चिवट असतो, पण उन्हात लवकर कमकुवत होतो. उन्हात राहणाऱ्या वस्तूंना, खोगिराला किंवा वाहनाच्या सीटला, पॉलिएस्टर बरा.

दोऱ्याच्या जाडीचे आकडे गोंधळात टाकतात, कारण दोन पद्धती उलट दिशेनं चालतात. 'व्ही' पद्धतीत आकडा मोठा म्हणजे दोरा जाड, तिकीट पद्धतीत आकडा मोठा म्हणजे दोरा बारीक. व्ही-69 म्हणजे साधारण 40 तिकीट, व्ही-92 म्हणजे 30 आणि व्ही-138 म्हणजे 20 तिकीट. सुईशी जोडी अशी: व्ही-69 ला 110, व्ही-92 ला 120 किंवा 125, व्ही-138 ला 140 आणि जाड, टणक कातड्यात 160, व्ही-207 ला 180 ते 200. कातडं कडक असेल तर एक आकार वर जा. वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गाठ आत ओढली जाण्याइतकं भोक सुईनं पाडलंच पाहिजे.

नवीन रीळ आणलं की पीळ तपासा, कारण साधी मशीनं डाव्या पिळाचा दोरा मागतात. दोरा दोन्ही हातांत आडवा धरा आणि उजव्या हाताच्या चिमटीत वरून आपल्याकडे फिरवा. पीळ घट्ट झाला तर दोरा चालेल, सुटायला लागला तर तो मशीनवर पदर न् पदर वेगळा होईल.

कातडं तयार करणं

कातड्याला ताण सगळीकडे सारखा नसतो. पाठीचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल आणि ताणणारा. पट्टे, बॅगेचे बंद पाठीच्या कण्याच्या दिशेनं कापावेत. पोटाचं कातडं आतल्या कप्प्यांना वापरावं. जाडीचा अंदाज म्हणून: पाकिटाला 1 ते 1.2 मिलिमीटर, बॅगेला 1.8 ते 2.2, कमरेच्या पट्ट्याला साडेतीन ते चार.

जिथे पदर एकावर एक येतात तिथे रापीनं, म्हणजे कातडं तासायच्या पात्यानं, कड तासून घ्या. तासलेली कड निम्म्या जाडीपर्यंत उतरली की दुमडल्यावरही शिवण एका पातळीत राहते. मशीनला चढ-उताराचा त्रास होतो, आणि टाके सुटायचे ते नेमके त्या पायरीवर. रापीची धार इतकी हवी की कातडं ढकलावं लागू नये. धारेसाठी गेलेली दहा मिनिटं पुढे तासभर वाचवतात.

टाचण्या कातड्यात वापरायच्या नाहीत, भोकं राहतात. कातडं चिकटवायचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावा, बोटाला ओलं न लागता नुसतं चिकट वाटेपर्यंत थांबा आणि मग दाबा. घाई केली तर ओलं सोल्यूशन सुईला लागतं, नेढं भरतं आणि दोरा तुटायला लागतो. दुहेरी टेप टाक्याच्या रेषेपासून दूर लावावी, याच कारणासाठी.

एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. सालीनं कमावलेलं कातडं ओलसर असताना लोखंडाला लागलं की काळं-निळं पडतं. कातड्यातलं टॅनिन आणि लोह यांची ती प्रक्रिया आहे, जुनी काळी शाई याच रसायनावर बनायची. त्यामुळे मशीनच्या पाट्यावर गंज असेल, किंवा तेलात लोखंडाचा बारीक कीस मिसळला असेल, तर फिक्या कातड्यावर डाग पडणारच. कातडं स्वतःही आम्लधर्मी असतं आणि पायाखाली रात्रभर दाबून ठेवलं तर पायालाच गंज चढतो, शिवाय त्यावर दात्यांचा ठसा उमटतो. काम थांबवताना पाय उचला, कातडं बाहेर काढा.

टीप मारताना

आधी त्याच कातड्याच्या, तितक्याच पदरांच्या तुकड्यावर टीप मारा. दुसऱ्या कातड्याच्या तुकड्यावर जुळवलेला ताण इथे कामाचा नाही.

टाक्याची लांबी 3 ते 4 मिलिमीटर ठेवावी. पाकिटाला थोडी कमी चालेल. कापडाची सवय असलेला माणूस बारीक टाक्यात मजबुती शोधतो, कातड्यात ती उलटी पडते.

सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले तीन-चार टाके घ्या. टोकं सोडली की खाली दोऱ्याचं घरटं झालंच म्हणून समजा. पायाचा दाब कातडं सुईबरोबर वर उचललं जाणार नाही इतका, पण दात्यांचा ठसा उठणार नाही इतका. दोन्ही साधत नसेल तर दाब पुरेसा ठेवा आणि दात्यांची टोकं बारीक पॉलिश पेपरनं बोथट करून घ्या. पायाच्या उचलीचाही स्क्रू असतो. पदर जाड आले की उचल वाढवा आणि वेग उतरवा.

कोपरा वळवताना सुई अगदी खाली आणून वळू नका. खाली जाऊन ती जरा, दोन-तीन मिलिमीटर, वर यायला लागली की हुकनं दोऱ्याचा फास धरलेला असतो. तिथे थांबा, पाय उचला, काम फिरवा. तळाशी वळलात तर फास धरलेलाच नसतो आणि कोपऱ्यावरचा टाका सुटतो. कोपऱ्यावर हमखास टाका सुटतो अशी तक्रार असेल तर मशीनला दोष देण्याआधी आपण कुठे थांबतो ते बघा.

शेवटी दोन-तीन टाके त्याच भोकांतून उलट घ्या, दोरा मागच्या बाजूला ओढा, दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि लायटरनं हलकेच वितळवून दाबा. ज्योत कातड्याला लागू देऊ नका, काळा डाग जात नाही.

ताण जुळवणं

गाठ कातड्याच्या जाडीच्या मधोमध लपली पाहिजे. खालच्या बाजूला वरच्या दोऱ्याचे फास दिसत असतील तर वरचा ताण कमी आहे. वर खालचा दोरा डोकावत असेल तर वरचा ताण जास्त. हात नेहमी आधी वरच्या ताणाला लावा, पण त्याही आधी ताणाच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट बसलाय का आणि तिथे धूळ अडकली नाही ना, हे बघा. पाय खाली असताना दोरा ओवला तर तो चकत्यांच्या वरच राहतो. ताण कितीही वाढवा, फरक पडत नाही, आणि माणूस वेडा होतो.

फिरकी, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, सारखी भरलेली हवी. खालचा दोरा हातानं ओढून बघावा, थोड्या विरोधानं पण झटके न देता यायला हवा. फिरकीच्या केसच्या पट्टीखाली अडकलेला बारीकसा धागा सगळा हिशोब बिघडवतो. पट्टीखालून जाड कागदाची कड फिरवली की तो निघतो.

रोजची निगा

काम संपल्यावर पाच मिनिटं काढायची. प्लग काढा, सुई आणि तिच्याखालची भोकाची पाटी काढा, दाते आणि हुकभोवतीचा कातड्याचा भुगा ब्रशनं बाहेर ओढा. हवेच्या दाबानं भुगा आत ढकलू नका, तो तेलाच्या वातींत जाऊन बसतो. कातड्याचा भुगा तेल शोषतो आणि लुगदीसारखा घट्ट होतो, म्हणून ही सफाई कापडाच्या मशीनपेक्षा जास्त महत्त्वाची.

तेल पांढरं, पातळ, शिलाई मशीनचंच. स्वयंपाकाची तेलं हवेत वाळून डिंकासारखी होतात. गंज सोडवणारे स्प्रे वंगण नव्हेत. ते जुनं तेल धुऊन नेतात आणि उडून जातात. जिथे धातू धातूवर घासतो तिथे एक-दोन थेंब. दिवसभर काम असेल तर हुकला रोज, बाकी छिद्रांना आठवड्यानं. तेल घातल्यावर टाकाऊ तुकड्यावर काही वेळ मशीन चालवा, जादा तेल तिथे उतरू दे. आपोआप तेल येणाऱ्या मशीनमध्ये टाकीची पातळी खुणांच्या मधे ठेवा आणि तेल पिवळं-काळं झालं की बदला.

बरेच दिवस पडून असलेलं मशीन जड फिरत असेल तर मोटर लावून जबरदस्ती करू नका. पट्टा उतरवा, सांध्यांत थोडं रॉकेल सोडा, हातानं चाक फिरवत राहा, घाण बाहेर आली की पुसा आणि मगच तेल घाला. खोली हवेशीर हवी आणि जवळ ज्योत नको. पट्टा परत लावल्यावर बोटानं मधोमध दाबून बघा, साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. जास्त ताणलेला पट्टा बेअरिंग खातो.

टाका सुटतोय, दोरा तुटतोय

आता माझी गोष्ट. एका बॅगेच्या कामात टाके सुटायला लागले. हुक सरकला असणार असं मी ठरवून टाकलं, स्क्रू सोडले, अर्धा दिवस तो मागे-पुढे करत बसलो. शेवटी कळलं की सकाळी घातलेली सुई दांड्यात मिलिमीटरभर खाली राहिली होती. सुई वर नेली, पण तोवर टायमिंग खरंच बिघडवून ठेवलं होतं.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे आणि तो मी मोडत नाही:

1. सुई नवी घाला, वरपर्यंत, खळगा हुककडे.
2. सुईची जात आणि जाडी दोऱ्याशी जुळते का बघा.
3. दोरा पूर्ण काढून, पाय वर ठेवून, पुन्हा ओवा.
4. पायाचा दाब वाढवून बघा. कातडं सुईला चिकटून वर येत असेल तर फास तयारच होत नाही आणि टाका सुटतो. हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं.
5. दोरा पिंजत असेल तर पाटीचं भोक, हुकचं टोक आणि पाय यांवर पातळ दोरा फिरवा. जिथे अडकेल तिथे ओरखडा आहे. अगदी बारीक, हजाराच्या पुढच्या पॉलिश पेपरनं तो घासा. धार बदलू देऊ नका.

मशीन दोरा अडकून घट्ट बसलं आणि मग चाक फिरतंय पण हुक फिरत नाही, असं झालं तर घाबरू नका. अनेक मशीनमध्ये सुरक्षेचा क्लच असतो, तो सुटलेला असतो. अडकलेला दोरा काढा, बैठकीवरचं किंवा तिच्याखालचं बटण दाबून धरा आणि चाक जोरानं फिरवा. 'खट' आवाज आला की क्लच परत बसला. कोणत्या बाजूनं फिरवायचं ते मशीनच्या पुस्तिकेत असतं.

टायमिंग, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं करूनही टाका सुटत असेल तरच. आधी फोटो काढा आणि हुकच्या दांड्यावर मार्करनं खूण करा. पुस्तिकेत टाक्याची जी लांबी ठेवायला सांगितली असेल ती लावा, कारण सुई पुढे-मागे हलणाऱ्या मशीनमध्ये लांबी बदलली की भेटीची जागा बदलते. पाटी काढा आणि चाक आपल्याकडे फिरवत सुई अगदी खाली आणा. तिथून ती साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की हुकचं टोक सुईच्या मध्यरेषेवर आणि नेढ्याच्या वरच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर वर हवं. टोक आणि सुई यांत पातळ कागद जेमतेम जाईल इतकंच अंतर, म्हणजे 0.05 ते 0.1 मिलिमीटर. टोक सुईला घासता कामा नये. बॅटरीचा उजेड मागून टाकला की फट स्पष्ट दिसते.

हुकचे स्क्रू पूर्ण सोडायचे नाहीत, हुक हातानं जेमतेम हलेल इतपत ढिले करायचे. एक स्क्रू घट्ट करा, चाक पूर्ण फिरवून बघा, मग बाकीचे. बारीक सुईवरून एकदम जाड सुईवर गेलात तर ही फट पुन्हा तपासावी लागते, कारण जाड सुई हुकच्या जवळ येते. म्हणून मी एका मशीनवर शक्यतो एक-दोन आकारांच्याच सुया चालवतो आणि त्या आकारांचा कागद मशीनला चिकटवून ठेवला आहे.